मामा, त्या बुचाला टेप लावू नका

पारोळ्याच्या मामांनी काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "हाई खरं शे का रे?" लॅबमध्ये वाढवलेली कातडी, कूर्चा वगैरे गोठवून ठेवायच्या मशिनी म्हणजे निव्वळ लूट, गायी-म्हशींना भरवायच्या सिमेनचा (वळू-रेड्याच्या वीर्याचा) द्रव नायट्रोजनचा कंटेनर तेच काम करतो, असं त्यात होतं. मामांच्या गोठ्यात तसला कंटेनर आहे, मग काय, पटलंच.

डोकं फिरलं ते तिसऱ्या मुद्द्याला. नायट्रोजन उडू नये म्हणून झाकण टेपने घट्ट बंद करा म्हणे! अहो, एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, त्याला वाट नाही ठेवली तर कंटेनरच फुटेल. बूच ढिलं असतं ते याचसाठी, उचललं की पांढरा धूर येतो तो मामा रोज बघतात, आणि तरी टेपचा रोल आणून ठेवलेला! त्याच्या खाली 'बंद खोलीत ठेवा'. गॅसला वास नाही, रंग नाही, ऑक्सिजन कमी झाला ते कळायच्या आत माणूस आडवा. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला चिकनच्या कारखान्यात नायट्रोजन गळून ६ जण गेले.

बरं, अर्धं खरं आहे, मान्य. नायट्रोजन तोच, उणे १९६ अंश पण तेच. पण ठेवणं वेगळं आणि गोठवणं वेगळं, आणि फॉरवर्डवाला म्हणतो सरळ आत बुडवा, जितकं झटपट तितकं चांगलं. पेशीतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ नाही मिळाला तर आतच बर्फ होतो, फार हळू गेलं तर पेशी आकसते आणि आतलं मीठ वाढतं, हे पीटर मझूर या शास्त्रज्ञाने आणि सोबत्यांनी १९७२ लाच मांडलंय. बऱ्याच पेशींना मिनिटाला १ अंशाच्या आसपास मानवतं, बर्फ धरताना उष्णता निघते तीही सांभाळावी लागते, तेवढ्यासाठी तो ठरवलेल्या वेगाने गार करणारा महागडा कंट्रोल्ड रेट फ्रीझर. सिमेन बारीक नळीत सुट्या पेशींचं असतं. कातडीचा थर वरून गोठला तरी आत अजून पाणीच, शिवाय पेशींना बर्फापासून वाचवणारं डीएमएसओसारखं रसायन आतपर्यंत मुरायला पाहिजे. आणि मामा, तुमच्या नळ्या तरी गोठ्यात कुठे गोठतात? सेंटरवरून गोठलेल्याच येतात ना!

उणे ८० च्या फ्रीझरात कायमचं टिकतं ही पण थापच, साधारण उणे १३० च्या खाली गेल्याशिवाय काही खात्री नाही.

सकाळी मामांचा रिप्लाय आला, टेप मोटारीच्या पाईपला लावला. म्हटलं हे त्या ग्रुपवर पण टाका, तर म्हणे अ‍ॅडमिन जावईबापू आहेत.