सँडविच आपलं नाही म्हणे

गेल्या रविवारी आमच्या भाच्याने घरच्या ग्रुपवर ठाण्यातल्या लक्षात राहिलेल्या सहा सँडविचची यादी टाकली. सगळे घोडबंदर रोडच्या बाजूचे कॅफे. सावरडो, पेस्टो, बुराटा. त्यावर त्याच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या दादाने, लिहिलं, "सँडविच हे आपलं खाणंच नाही. ठाण्याचं म्हणायचं तर मामलेदारची मिसळ आणि कुंजविहारचा वडापाव. बाकी सगळं बाहेरून आलेलं." लगेच दोन काकांचे अंगठे. मी इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला, शाळेची हाफ टर्मची सुट्टी संपली म्हणून मुलाचा युनिफॉर्म शोधत होते. फोन उलटा ठेवून दिला, पण ते "बाहेरून आलेलं" आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही.

राग बापलेक दोघांचाही आला. एकाला सँडविच कॅफेतच दिसतं, दुसऱ्याला ते ठाण्यात दिसतच नाही. अरे, गाडी कुठे गेली?

नौपाड्यात वाढलेल्या माणसाला सँडविच म्हटलं की गाडी आठवते. क्लास सुटला की आम्ही चौघी तिथे उभ्या. भय्या विब्ज ब्रेडच्या दोन स्लाइस काढणार, कडा कापणार, मग अमूल बटर अगदी टोकापर्यंत फासणार. ते नुसतं चवीसाठी नसतं, बटरमुळे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. मग कोथिंबीर, पुदिना, मिरचीची हिरवी चटणी. उकडलेला बटाटा हातातच धरून सुरीने पातळ चकत्या, त्यावर बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि मध्येमध्ये मसाल्याची चिमूट. बीटचा गुलाबी डाग बटाट्यावर उतरलेला असायचा. टोस्ट हवा असेल तर ते लांब दांड्यांच्या टोस्टरमध्ये दाबून शेगडीवर. उघडल्यावर परत बटर, सहा तुकडे, वर शेव, बाजूला सॉस. प्लेट कागदाची, त्यामुळे खालून तळहात गरम व्हायचा.

तो टोस्टर मी जांभळी नाक्यावरून घेऊन इथे आणलाय. आमची शेगडी इंडक्शनची, त्यावर अ‍ॅल्युमिनियम तापत नाही. म्हणून मार्च ते ऑक्टोबर, पाऊस नसला की, बागेत कॅम्पिंगच्या शेगडीवर टोस्ट करते. चटणी वाटताना बर्फाचं पाणी आणि थोडं डाळं घालते, रंग टिकतो. बीट मात्र इथे व्हिनेगरमध्ये बुडवलेलं मिळतं, तसलं चुकूनही घालायचं नाही, कच्चं आणून घरी उकडायचं.

ज्या देशात या पदार्थाचं नाव जन्माला आलं तिथे मी अठरा वर्षं राहते आहे. सँडविच हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो इतिहासकार गिबनच्या 1762 सालच्या रोजनिशीत. आणि इथले लोक दुपारी काय खातात? मील डीलमधलं, म्हणजे सुपरमार्केटच्या सँडविच-स्नॅक-पेय अशा एकत्र सेटमधलं, त्रिकोणी पाकीट, फ्रीजमधून काढलेलं, कीबोर्डशेजारी उघडलेलं. एग अँड क्रेस, नाहीतर चेडर अँड पिकल. मीही खाते, सोमवार ते गुरुवार. पण ते आणि आमच्या गाडीवरचं, यांत दोन स्लाइस सोडल्या तर काय सारखं आहे ते दादाने मला दाखवावं. चटणी कुणी घातली? त्यावर मसाला भुरभुरायचं कुणाला सुचलं? सगळं आपल्याच गल्ल्यांमध्ये झालंय.

आणि वडापाव आपला, हे कशावरून? पाव हा शब्द पोर्तुगीज. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज. मिरची त्यांच्याच जहाजांतून अमेरिकेतून आली. दादा ज्या ठाण्याचा अभिमान सांगतो तिथला किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, आज तिथे तुरुंग आहे. पोर्तुगीज गेले, पाव आणि बटाटा राहिले. वडापाव तर 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. म्हणजे आमच्या आईच्या लहानपणी तो नव्हताच. साठ वर्षांत तो आपला झाला, तर सँडविचने काय घोडं मारलंय?

वहिनी म्हणाली, गाडीवरचं पाणी कुठलं असतं कुणाला माहीत. इथे खाण्याच्या बऱ्याच दुकानांच्या दारावर हायजीनच्या रेटिंगचं स्टिकर असतं, पाकिटावर अ‍ॅलर्जीची यादी असते, आणि तसं ठाण्यात व्हायला हवं असं मलाही वाटतं. पण आयुष्यात सँडविच खाऊन मी एकदाच आजारी पडले, तेही इथल्या हायवेवर, सीलबंद प्रॉन सँडविच खाऊन. गाडीवर दहा वर्षं खाल्लं, एकदाही नाही.

मग एका काकांनी खरी गोष्ट बोलून दाखवली. "आणि विकणारे कोण आहेत ते बघ." सोबत हायकोर्टाचा 2017 चा आदेश, स्टेशनपासून दीडशे मीटरमध्ये फेरीवाले नकोत म्हणून. एल्फिन्स्टनच्या पुलावरची चेंगराचेंगरी झाल्यानंतर स्टेशनचे रस्ते मोकळे हवेत यावर माझा वाद नाही. पण काकांना रस्त्याची काळजी नव्हती. आमची गाडी स्टेशनपासून चांगली पंधरा मिनिटं लांब आहे.

काकांना उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. कारण कॉलेजात असताना हेच मी बोलायचे. "हे लोक आले आणि ठाणं भरून गेलं," असं मी त्याच गाडीशी उभं राहून, त्याच्याच हातचं खाताना, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलेलं आहे. तो मान खाली घालून काकडी कापत राहिला. पुढे इथे बसमध्ये माझ्या मागच्या सीटवरून तसंच वाक्य इंग्रजीत आलं, तेव्हा मीही खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी मला त्याचे हात आठवले.

2016 साली मी ब्रिटिश पासपोर्ट घेतला आणि भारतीय परत केला. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते, त्यावर मला ठाण्यात हवं तितकं राहता येतं, मतदान करता येत नाही. दादा हे भांडणात काढत नाही, तेवढा तो चांगला आहे. पण "बाहेरून आलेलं" लिहिताना त्याला मी आठवले नसेन, याचंच जास्त लागलं. बाहेरून आलेलं कधीच आपलं होत नसेल तर मी इथली होणार नाही, आणि बाहेर गेलेलं आपलं राहत नसेल तर तिथलीही उरले नाही.

डिसेंबरमध्ये गाडीवर गेले होते. आता त्याचा मुलगा उभा असतो. माझ्याकडे, माझ्या जॅकेटकडे बघून त्याने विचारलं, "मॅडम, तिखा कम करूँ?" हे मला तिथे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नको म्हटलं, उलट जास्त घाल. डोळ्यांतून पाणी आलं, पण सहाही तुकडे संपवले.

काल भाच्याने विचारलं, "आत्या, तुझ्या गाडीचं नाव सांग, यादीत सातवी घालतो." गाडीवर नाव नाही. बापाचं नाव मी कधी विचारलं नाही, मुलाचंही नाही. म्हणून एवढंच लिहून पाठवलं: राम मारुती रोडवरून गोखले रोडकडे येताना डाव्या हाताला, संध्याकाळी पाचनंतर. नाव तू विचार आणि मला कळव. मसाला टोस्ट घे, बीट जास्त सांग. बाबांना सोबत ने.