घोड्याच्या रानाला काटेरी तार नकोच

शेतावर घोडा पाळायचं ठरलं की पहिला पैसा जातो तबेल्याच्या पत्र्यावर. फोटोत तबेलाच दिसतो ना! कुंपण मात्र आहे तेच, म्हणजे गुरांसाठी मारलेली काटेरी तार. माझं मत याच्या अगदी उलट आहे. पहिला पैसा कुंपणाला, दुसरा पायाखालच्या जमिनीला, आणि उरलं तर छपराला.

गाय तारेला टेकली, काटा टोचला, की मागे सरते. घोडा बुजला की आधी पळतो आणि मग बघतो. तारेत पाय अडकला तर थांबत नाही, सगळ्या ताकदीने ओढतो. त्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी, शिरा आणि हाड. तार थेट शिरेपर्यंत जाते आणि तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यात घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर गुरांपेक्षा कितीतरी जास्त. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतातच, त्यामुळे गंजक्या तारेचा छोटा ओरखडासुद्धा जीव घेऊ शकतो. लस दरवर्षी द्याच, पण लस आहे म्हणून काटेरी तार चालेल, असा हिशेब करू नका. मेंढ्यांच्या जाळीचंही तेच. चौकटीत खूर अडकतो.

मग लावायचं काय? एक एकर चौकोनी रान धरा. बाजू साधारण 209 फूट, परीघ 835 फुटांच्या आसपास. दर 10 फुटांना खांब धरला तर 84 खांब. खांब 7 फुटी घ्या, अडीच फूट जमिनीत, साडेचार फूट वर. त्यावर दीड, तीन आणि साडेचार फुटांवर झटका मशीनच्या, म्हणजे तारेत थांबून-थांबून विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या, तीन ओळी. बारीक धातूच्या तारा विणलेली पांढरी रुंद पट्टी मिळाली तर उत्तम, कारण ती घोड्याला लांबून दिसते आणि फारच जोर आला तर तुटते. ती तुटते हाच तिचा गुण. वारं फार असेल तिथे पट्टी फडफडून झिजते, तिथे तसाच दोर घ्या. पट्टी नाहीच मिळाली तर गुळगुळीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार चालेल, पण तिला दर चार-पाच फुटांवर पांढऱ्या कापडाच्या आखूड चिंध्या बांधा. डुकरांसाठी शेताला साड्या बांधतो तशा लांब सोडू नका, घोडा चघळतो. काटेरी तारेत करंट सोडणं तर सगळ्यात वाईट. अडकलेल्या घोड्याला सुटताही येत नाही आणि झटका बसतच राहतो. घरच्या लाईटचा आकडा थेट तारेवर टाकणं म्हणजे माणूस मारणं, आणि तो गुन्हाही आहे.

बांधावरची काटेरी तार शेजाऱ्यामुळे काढता येत नसेल तर तिच्या आत चार-पाच फूट सोडून घोड्याचं वेगळं कुंपण घ्या. कोपरे काटकोनी ठेवू नका, गोलसर वळवा. दोन घोडे असतील तर दांडगा दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो आणि लाथा घालतो.

काळ्या रानात खांब उन्हाळ्यात हलतात आणि पावसाळ्यात कलतात. माती फुगते, आटते, भेगा पडतात. खड्ड्यात निघालेली काळी माती परत भरू नका. मुरूम आणि दगडाचे तुकडे अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थराने भरा आणि प्रत्येक थर पहारीने ठोका. ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो, म्हणून त्यालाच तिरका टेकू द्या. खड्डे दिवाळीच्या सुमारास, जमिनीत ओल असताना काढा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणायचा असेल तर तोवर कुंपण उभं राहतं.

झटका मशीन ‘मारत नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, अर्थिंगचा असतो. एक हातभर सळई ठोकून भागत नाही. सहा फुटी जीआय रॉड, किमान तीन, एकमेकांपासून 10 फुटांवर, आणि घराच्या अर्थिंगपासून निदान 35 फूट लांब. तपासायची पद्धत अशी: मशीनपासून 300 फुटांवर तारेला दोन-तीन लोखंडी पहारी टेकवा आणि मग कुंपणाचे व्होल्ट मोजणारा टेस्टर शेवटच्या रॉडला लावा. 300 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर रॉड वाढवा. पहारी काढल्यावर तारेच्या दूरच्या टोकाला किमान 3,000 व्होल्ट हवेत. चैत्र-वैशाखात जमीन कोरडी पडते, तेव्हा रॉडपाशी बादलीभर पाणी ओतत जा. पावसाळ्यात उलटी अडचण. गवत वाढून तारेला लागतं आणि करंट जमिनीत उतरतो. खालच्या ओळीखालचं गवत कापत राहणं हे कुंपणाचंच काम समजा. इन्सुलेटरच्या जागी ड्रिपची चिरलेली नळी वापरतात. कोरड्यात ती चालते, पण पावसात चिरेत पाणी शिरलं की तिथूनच गळती.

आता जमीन. फाटक आणि पाण्याची जागा, या दोनच ठिकाणी चिखल होतो, आणि खूर कुजतात ते तिथे उभं राहून. तिथली नऊ-दहा इंच माती काढा, खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम, आणि पाणी निघून जाईल असा उतार. सिमेंटचा कोबा नको, शहाबादी फरशी तर मुळीच नको. ओली झाली की घोडा घसरतो. इतकं केलं तरी नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी यायलाच हवा.

पाणी रोज 25 ते 45 लिटर लागतं, उन्हाळ्यात आणखी. सिमेंटचा हौद कुंपणाच्या रेषेत ठेवा आणि फ्लोट व्हॉल्व्हवर झाकण घाला, नाहीतर घोडा तो उपटतो. गप्पी मासे सोडले की डासांचा प्रश्न मिटतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा पिंप कितीही धुतला तरी वापरू नका.

छपराचं थोडक्यात: एका घोड्याला 12 बाय 12 फूट, पाठ पावसाच्या दिशेला, समोरची बाजू उघडी. खालचे चार फूट लाकडी फळ्या किंवा भिंत, कारण पत्र्यावर लाथ बसली की पत्रा फाटतो आणि पाय कापतो.

घोडा सोडण्याआधी रान एकदा पायी फिरून बघा. कण्हेर आणि एरंड मुळासकट काढा. एरंडाच्या थोड्याशा बियाही घोड्याला मारतात. हिरव्या ज्वारीत घोडा चरायला सोडू नका, मूत्राशयाला सूज येते आणि मागचे पाय लुळे पडतात. नीट वाळलेला कडबा चालतो, पण बुरशी लागलेली पेंढी गेली उकिरड्यावर. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं पुढेच जातं.

नवा घोडा पहिल्या दिवशी उजेडातच आणा. हातात दोर धरून कुंपणाच्या कडेने दोन फेऱ्या मारा, मशीन चालू ठेवा, आणि त्याने स्वतः नाक लावून बघितल्यावरच दोर सोडा.