मंदीतले ‘टापटीप’ वर्गफोटो: एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या एका वर्गाचा 1930 च्या दशकातला फोटो सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मुलं कोट-टायमध्ये, मुली कडक इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: महामंदीत खायचे वांधे होते, तरी ही मुलं रोज अशी शाळेत यायची. पोत्यांचे कपडे शिवतात हे कळल्यावर दयाळू गिरणीमालकांनी पोत्यांवर फुलं छापली. आणि कुणी कुणापुढे हात पसरला नाही. मग ओघानेच आजच्या फाटक्या जीन्सचा उद्धार.

‘रोज’पासून सुरुवात करू. फोटोचा दिवस आधी ठरलेला असायचा. त्या दिवशी ठेवणीतले, रविवारी चर्चला घालायचे कपडे अंगावर चढणारच. आपल्याकडेही वर्गाच्या फोटोपुरते शेजारच्याचे बूट पायात घालून गेलेले लोक आहेत. त्यावरून कुणी त्यांच्या रोजच्या पायांचा अंदाज करत नाही.

‘सगळी मुलं कोट-टायमध्ये’ हेही खरं नाही. तो थाट मुख्यतः हायस्कूलच्या मोठ्या मुलांचा. लहान मुलगे गुडघ्याशी आवळलेल्या निकर्समध्ये, खेड्यातले छातीपर्यंत येणाऱ्या डेनिमच्या ओव्हरऑलमध्ये. शिवाय हायस्कूलपर्यंत पोचायचं किती जणांनी? 1930 मध्ये 14 ते 17 वयाची जेमतेम निम्मी मुलं हायस्कूलमध्ये होती. 1940 पर्यंत हा आकडा 70 टक्क्यांच्या पुढे गेला, आणि त्यामागे मोठं कारण हे, की बाहेर कामच मिळत नव्हतं. 1933 मध्ये दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. जो मुलगा हायस्कूलमध्येच नाही, तो फोटोत कुठून दिसणार?

सरकारच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनने खेडोपाडी पाठवलेल्या छायाचित्रकारांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कुणालाही बघता येतात. त्यांत दक्षिणेतल्या शाळांमधली अनवाणी मुलं दिसतात. ते फोटो मात्र फॉरवर्ड होत नाहीत. ज्यांच्याकडे बूट होते, तेही झिजलेल्या तळव्यात पुठ्ठा कापून घालत. त्या पुठ्ठ्याला लोकांनी मंदी सुरू झाली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या नावावरून ‘हूवर लेदर’ म्हणायला सुरुवात केली होती.

आता पोत्यांची गोष्ट. यातलं अर्धं अगदी खरं आहे. पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं आणि बायका ती उसवून, छापील अक्षरं घासून काढून फ्रॉक, शर्ट, चड्ड्या शिवायच्या. मोठ्या बाईच्या झग्याला तीनेक पोती लागत. पण ‘मंदी बघून मालकांना दया आली’? सेंट लुईसच्या जॉर्ज पी. प्लांट मिलिंग कंपनीसाठी एसा बेल्स यांनी कपडे शिवण्याजोग्या कापडाच्या पोत्याच्या पेटंटचा अर्ज केला तो 1924 मध्ये, मंदीच्या 5 वर्षं आधी. हा सरळ धंदा होता. एकाच नक्षीची तीन पोती हवी असतील तर गिऱ्हाईक परत त्याच कंपनीकडे येणार. कापसाच्या पोत्यांना कागदी पिशव्यांशी टक्करही द्यायची होती. त्या बायकांच्या हातच्या कसबाला यामुळे काही कमीपणा येत नाही. श्रेय तेवढं मालकांना देऊ नका.

राहिलं ‘हात पसरला नाही’. 1935 नंतर सरकारी रोजगार योजनेतल्या शिवणखोल्यांमध्ये हजारो बायका मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी कपडे शिवत होत्या. ते अंगावर घालणारी मुलं फोटोत नसतील कशावरून? आणि हूवरनंतरचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांना देशभरातून मुलामुलींची पत्रं यायची. जुना कोट असेल तर पाठवा, तुमचे वापरलेले बूट चालतील, कपड्यांवाचून शाळा बुडते आहे. पैसे पुढे फेडू, असंही कुणी लिहायचं. आणि कित्येक पत्रांत आणखी एक विनंती असायची: माझं नाव छापू नका.