पहार ज्याची, खड्डे त्याचे

"पहार कोणाकडे आहे?" असं झाडं लावण्यासाठी भरलेल्या वाडीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं आणि मी "माझ्याकडे" म्हणालो. एवढाच माझा गुन्हा. पहार ज्याची, खड्डे त्याचे, हा ठराव कुणी न मांडताच मंजूर झाला.

आमची वाडी वेंगुर्ल्याजवळची. इथे झाडं लावावी लागतात, हेच मला पटत नाही. आमच्या न्हाणीमागच्या चिऱ्याच्या भिंतीत पिंपळ आहे. दर मिरगाला मी तो उपटतो, चवथीपर्यंत तो पुन्हा पानं हलवत हजर. ना माती, ना खत. आई म्हणते, "उपटू नको, मुंजा असतो." १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, आमची न्हाणी बघितली असती तर त्यांनी फेरविचार केला असता.

झाडं कुठली, यावर दोन तास गेले. वेंगुर्ला-७ काजूची कलमं लावू, बी टपोरी, असं ठरतच आलं होतं. तेवढ्यात एका काकांनी शांतपणे विचारलं, "बी कोणी वेचायची?" झालं! कलमं अजून नर्सरीत, काजू धरायला दोन-तीन वर्षं, आणि इथे वाटण्या सुरू. बांधावरून जन्माचं वैर असलेले दोघे भाऊ त्या दिवशी प्रथमच एका बाजूने बोलले. शेवटी ज्यातून कुणालाच चार पैसे मिळणार नाहीत, अशी झाडं निवडली: ताम्हण, करंज, बकुळ. बकुळीची फुलं कोणी वेचायची ते बायका नंतर बघणार होत्या.

जागा मिळाली रस्त्याकडेच्या कातळावर. चांगल्या जमिनीत सार्वजनिक झाड कोण लावू देतो? गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसलेले एक आजोबा म्हणाले, "रे, हयसर गवत धरणा नाय, झाड खंयसून धरतला?"

इथला कातळ जांभ्या दगडाचा. जांभा जमिनीखाली असतो तोवर मऊ, हवा लागली की कडक होतो. आमचा कातळ कित्येक पिढ्या हवा खात पडलेला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा एकेक खड्डा. पहार आपटली की ठिणगी, खाली चिमूटभर भुगा आणि माझ्या दंडात कळ. वरून पाऊस. तिसऱ्या खड्ड्याला पहार वाकली. मी आनंदाने ती उंच करून दाखवली, तर समोरच्या काकू म्हणाल्या, "थांबा भाऊ, आमच्याकडे आहे की!" बैठकीत ह्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

नऊ खड्डे झाले. फोटोला एका ताम्हणीभोवती अठरा जण उभे राहिले. पहार फोटोत नको म्हणून मला बाजूला केलं.

पुढे पाच खड्ड्यांत पाणी साचून बेडूक आले, तीन रोपं गुरांनी खाल्ली. सातव्यातलं कुठे गेलं, देव जाणे. चवथीची साफसफाई करताना न्हाणीमागचा पिंपळ मुळासकट उपटला, तेव्हा तो सातव्या खड्ड्यात नेऊन लावला. माती घातली, शेण घातलं, कुंपण केलं.

आठ दिवसांत सुकला. भिंतीत नवीन कोंब आलाय.