पुन्हा तेच अलमट्टी!

पाऊस लागला की टीव्हीवर भांडण सुरू. एक म्हणतो कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे सांगली बुडते, दुसरा म्हणतो कोयनेतून पाणी सोडलं म्हणून. अरे, २००५, २०१९, २०२१, किती वेळा बुडायचं आम्ही? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं! आमच्या स्वयंपाकघरात फळीच्या वर गाळाची रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी उमटतेच. पूररेषेत भराव टाकून प्लॉट कोणी पाडले? ओढे कोणी बुजवले? महिन्याचा पाऊस आठवड्यात का कोसळतो? हे विचारा की! नाही. बोटीत उभं राहून फोटो, मग पंचनामा, मग सगळे गप्प. आणि इकडे जुलै लागला की आई गव्हाचं पिंप माळ्यावर चढवायला लावते.