घामाला नाकं मुरडणाऱ्यांनो, जरा ऐका

घामाच्या वासावरून माणसाची लायकी काढायची, आणि तेही मुंबईत राहून, हे मला कधीच पटलेलं नाही. आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये डिलिव्हरीवाला पोरगा शिरला की लगेच दोन-तीन रुमाल नाकाला, आणि तो बिचारा पार्सल छातीशी धरून कोपऱ्यात अंग चोरून उभा. अरे ऑक्टोबर हीटमध्ये दिवसभर बाईक मारतोय तो, त्याला काय चंदनाचा वास येणारे?

आणि गंमत म्हणजे उन्हातान्हात निथळतो तो घाम बराचसा नुसता पाणी आणि मीठ असतो, अंग गार ठेवायला. काखेतल्या ग्रंथी वेगळ्या, त्या वयात येताना सुरू होतात आणि टेन्शन आलं, घाबरलो की अ‍ॅड्रेनलिन या हार्मोनमुळे कामाला लागतात. त्यांचा घामही बाहेर येताना बिनवासाचाच, कातडीवरचे बॅक्टेरिया त्यातले पदार्थ फोडतात तेव्हा तो मारतो. म्हणजे एसी केबिनमध्ये अप्रेझलला बसलेला साहेबही यात मागे नसतो, फक्त त्याच्याकडे महागडा डिओ असतो. कोरियातल्या बहुतेक लोकांच्या तर जीनमध्येच असा बदल आहे की काखेला वास जवळपास येतच नाही, आता यात स्वच्छतेचं कर्तृत्व कुठलं?

पण मला जास्त भारी वाटतं ते पुढचं. 2012 मध्ये नेदरलँड्सच्या युट्रेक्टमध्ये संशोधकांनी पुरुषांना घाबरवणारे आणि किळस आणणारे व्हिडिओ दाखवून काखेतला घाम जमवला (त्याआधी लसूण बंद, दारू बंद, आपल्याकडे लसणावरच गाडी अडली असती) आणि तो बायकांना हुंगायला दिला. भीतीचा घाम हुंगताना त्यांच्याही चेहऱ्यावर भीती, श्वास खोल, किळसेचा हुंगताना नाक आक्रसलेलं, श्वास आखडता. नंतर 2015 मध्ये आनंदाच्या घामावरही केलं, तर चेहऱ्यावर हसण्याच्या हालचाली!

2018 चा एक प्रयोग तर डेंटलच्या विद्यार्थ्यांवरचा. परीक्षेच्या टेन्शनमध्ये घातलेले टीशर्ट पुतळ्यांना चढवले, वास कळू नये म्हणून झाकला, आणि दुसऱ्या विद्यार्थ्यांना त्या पुतळ्यांच्या दातांवर काम करायला लावलं. नाकाला काही कळलं नाही, पण हात चुकायला लागले, शेजारचा चांगला दात खराब व्हायची शक्यताही वाढली.

हे वाचल्यापासून मला आमचा लेडीज डबा वेगळाच वाटायला लागलाय. पंखा बंद, कुणीतरी कंगवा घालून तो फिरवायचा प्रयत्न करतंय, गाडी दिवा स्टेशनच्या अलीकडे उगाच थांबलेली, आणि कुणी एक शब्द न बोलता अख्खा डबा अस्वस्थ होतो. गर्दी, उकाडा, लेटमार्क हे आहेच, पण थोडं एकमेकींच्या काखेतूनही येत असेल असा आपला माझा अंदाज हां, लोकलवर असला रिसर्च मी वाचलेला नाही.

डिओला माझा विरोध नाही, मी पण मारते, चिकटून उभं राहायचं तर तेवढी सभ्यता हवीच. राग आहे तो ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या त्या 'फेरोमोन परफ्युम'वर (फेरोमोन म्हणजे प्राण्याच्या अंगातून सुटणारं, त्याच्याच जातीच्या दुसऱ्याला इशारा देणारं रसायन). माणसात असा एकही फेरोमोन अजून पक्का सिद्ध झालेला नाही, भीतीच्या घामातलं नेमकं कुठलं रसायन काम करतं तेही शास्त्रज्ञांना ठरवता आलेलं नाही, आणि हे बाटलीत भरून पोरी पटवायची गॅरंटी देतायत! कुणी मागवली असेल तर रिटर्नची तारीख बघून घ्या.