‘शेवटचा शार्प म्हणजेच सा’? नाही, तो नी!

कीबोर्ड शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक युक्ती फिरते आहे: ‘की सिग्नेचरमधला शेवटचा शार्प बघा, तीच गाण्याची पट्टी.’ (की सिग्नेचर म्हणजे नोटेशनच्या सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणा; शार्प स्वर अर्धा चढवतो, फ्लॅट अर्धा उतरवतो.) हे चूक आहे. शेवटचा शार्प हा मेजर स्केलचा, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या स्केलचा, नी असतो, सा त्याच्या अर्धा स्वर वर.

दोन शार्प घ्या, एफ आणि सी. शेवटचा सी शार्प, म्हणजे आपली काळी एक. तिथे सा धरलात तर सगळंच घसरलं. खरा सा शेजारच्या डीवर, पांढरी दोनवर.

फ्लॅटचा हिशेब वेगळा. तिथे शेवटून दुसरा फ्लॅट पट्टीचं नाव सांगतो. बी, ई, ए असे तीन फ्लॅट असले की ई फ्लॅट मेजर. एकच फ्लॅट असेल तर दुसरा आणायचा कुठून? ती एफ मेजर, सरळ पाठ करा.

त्याच मेसेजमध्ये पुढे ‘शार्प म्हणजे कीबोर्डवरची काळी पट्टी’ असंही आहे. तेही चूक. सहा शार्पमधला ई शार्प वाजतो तो पांढऱ्या एफवरच!

आणि एवढं करूनही पट्टी पक्की होत नाही. दोन शार्प डी मेजरचे, तसे बी मायनरचेही (मायनर म्हणजे कोमल गंधाराची स्केल). मेजरचा ध तो मायनरचा सा. म्हणून गाण्याचा शेवटचा स्वर बघा. गाणं बीवर येऊन थांबतंय आणि मध्ये ए शार्प, म्हणजे बीच्या अर्धा स्वर खालचा नी, डोकावतोय, तर बहुधा मायनरच.